अकलूजची इटालियन लाल वाईन

वार्षिकांकात वाईनवर लेख पाहून आपल्या काही गुरुजनांच्या कपाळाला आठ्या पडतील, याची मला कल्पना आहे. लेख शेतीचा आहे, एवढे आधीच सांगून टाकतो.

इटलीतील फ्लॉरेन्स शहरी अँतिनोरी नावाचे घराणे आहे. त्यातील एक पुरुष १३८५ साली तेथील वाईन करणाऱ्यांच्या संघात दाखल झाला. त्या वेळी आपल्याकडे बहामनी राज्य होते. आज सव्विसावी पिढी तोच व्यवसाय पाहते, आणि ही पिढी म्हणजे तीन बहिणी आहेत, हे आपल्या वर्गभगिनींनी अवश्य ध्यानात घ्यावे.

इतका जुना कारखाना आपल्याकडे नाही. मात्र त्याच टस्कनी प्रांतातील 'सांजोवेसे' जातीचे काळे द्राक्ष सोलापूर जिल्ह्यात अकलूज परिसरात पिकते. २००६-०७ च्या सुमारास तेथे 'फ्रातेल्ली' हा उद्योग उभा राहिला. फ्रातेल्ली म्हणजे इटालियन भाषेत 'भाऊ'. भावांच्या तीन जोड्या एकत्र आल्या : इटलीचे सेच्ची, दिल्लीचे सेखरी आणि अकलूजचे मोहिते-पाटील. वाईन करण्यास टस्कनीचे जाणकार पिएरो मासी आले. असे सात जण, म्हणून त्यांच्या नामांकित लाल वाईनचे नाव 'सेत्ते', म्हणजे सात. तीत सांजोवेसेबरोबर काबर्ने सोविन्यों या फ्रेंच जातीचे द्राक्षही असते.

काळ्या द्राक्षाचा रस काळा नसतो, हे मला ठाऊक नव्हते. तो जवळजवळ पांढराच निघतो. रंग सारा सालीत. म्हणून द्राक्षे चिरडून सालींसकट टाकीत आंबवतात. यीस्ट साखर खाऊन तिचे मद्यार्क करते. साली वर तरंगून थर धरतात, म्हणून खालचा रस वारंवार त्यांच्यावर सोडावा लागतो. रंगाबरोबर सालीतून व बियांतून तुरटपणाही उतरतो. जांभूळ खाल्ल्यावर जीभ आवळते, तसा. मग ओकच्या लाकडी पिंपांत महिनोन्‌महिने मुरवले की तो मऊ होतो.

खरी अडचण वेलीची आहे. टस्कनीत थंडी पडली की वेल पाने टाकून झोपी जाते आणि द्राक्षे सप्टेंबर-ऑक्टोबरात उतरतात. आपल्याकडे तशी थंडीच नाही. म्हणून एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि पावसाळा सरला की गोडी छाटणी, अशी वेल दोनदा छाटून फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास एकच पीक घ्यावे लागते. तिला विसावा नाही, त्यामुळे ती लवकर थकते.

आमच्या वसमत भागात हळद जूनमध्ये लावली की फेब्रुवारी-मार्चमध्ये निघते. बेणे राखून ठेवले की रान मोकळे, आणि पुढच्या वर्षी मन बदलले तरी चालते. द्राक्षवेलीला मांडव, ठिबक, औषधे हे सारे आधी घाला आणि मग पहिल्या चांगल्या पिकाची दोन-तीन वर्षे वाट पाहा. त्यातून वाईनचे द्राक्ष बारीक, जाड सालीचे, बियांचे. कारखान्याने नाकारले तर ते बाजारात खायला कोण घेणार? २००८ च्या मंदीनंतर नाशिककडे हेच झाले. कारखाने अडचणीत आले, माल पडून राहिला आणि अनेक शेतकऱ्यांनी बागा उपटून टाकल्या. पोटच्या पोराप्रमाणे वाढवलेली बाग तोडताना त्या घरांत काय झाले असेल, हे शेतकऱ्याच्या मुलाला सांगावे लागत नाही. अँतिनोरी घराण्याच्या चिकाटीचे कौतुक करताना आपण विसरतो की त्यांचे मळेही त्यांचे आणि तळघरेही त्यांचीच. अकलूजलाही बाग आणि टाक्या एकाच मालकीच्या आहेत. नाशिकच्या त्या शेतकऱ्यांच्या हाती फक्त बाग होती.

अकलूजच्या पहिल्या वेली आता विशीच्या घरात आल्या आहेत. त्या उपटून नव्या लावायच्या की तेथे पुन्हा ऊस करायचा, हे त्यांच्या पुढच्या पिढीला लवकरच ठरवावे लागेल.