परक्या कोडची मुखत्यारी

२०२५ च्या सप्टेंबरात जावास्क्रिप्टच्या एनपीएम या भांडारात ‘शाय-हुलुद’ नामक कृमीने जो उच्छाद मांडला, त्याचा वृत्तान्त वाचकांच्या नजरेखालून गेलेला असल्याने त्याची पुनरुक्ती येथे करीत नाही. परंतु हे संकट आपल्या वाटेला येणार नाही अशी जी निश्चिंतता पीएचपीच्या मंडळींत आढळते, तिची शहानिशा होणे अगत्याचे आहे.

ती अगदीच निराधार नाही. पॅकेज बसविताना त्यासोबत आलेली स्क्रिप्ट आपोआप चालू देण्याचा एनपीएमचा जो प्रघात, त्याचाच लाभ त्या कृमीने उठविला. निल्स अॅडरमन व जॉर्डी बोजियानो यांनी २०१२ साली आणलेला ‘कंपोझर’ हा पीएचपीचा पॅकेज-व्यवस्थापक मात्र केवळ मूळ प्रकल्पाच्याच स्क्रिप्ट चालवितो, आणि २.२ या आवृत्तीपासून प्लगइनलाही नावनिशीवार मंजुरी लागते. पण धोका येथे संपत नाही. पॅकेजच्या ‘ऑटोलोड’ सदरात ‘फाइल्स’ अशी एक नोंद करता येते, आणि तीत नमूद केलेली फाइल, आपल्या प्रकल्पाने तिचे नाव कोठेही घेतलेले नसले तरी, ऑटोलोडर वाचला जाताच, म्हणजे बहुधा प्रत्येक विनंतीगणिक, चालते; तीही आपल्या प्रकल्पाच्या संपूर्ण अधिकारानिशी, ज्यात डेटाबेसचा परवलीचा शब्द आला आणि ग्राहकांच्या नोंदीही आल्या. ‘कंपोझर रिक्वायर’ ही एक ओळ लिहिणे म्हणजे अनोळखी इसमाला कुलमुखत्यारपत्र करून देणे होय.

तेव्हा हे पॅकेज खरोखरीच हवे काय, हा पहिला प्रश्न. वीस ओळींत होणाऱ्या कामासाठी परका कोड आणू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. पॅकेजिस्ट या पीएचपीच्या पॅकेज-सूचीवर ते ‘अबँडन्ड’ म्हणून नोंदलेले नाही ना, हे पाहावे. ‘ड्राय-रन’ लावून ते आपल्यामागून आणखी किती पॅकेजे आणणार, याचीही खातरजमा करावी.

परंतु खरा दस्तऐवज म्हणजे लॉक फाइल, आणि तिची जेवढी उपेक्षा होते तेवढी दुसऱ्या कशाचीच होत नसेल. कंपोझर-जेसनमधील ‘^२.१’ ही नोंद २.१ पासून पुढचे, पण तिसऱ्या आवृत्तीच्या अलीकडील, काहीही चालेल एवढेच सांगते. नक्की कोणती आवृत्ती, कोणत्या पत्त्यावरील भांडारातून, कोणत्या कमिटची आली, हे सारे लॉक फाइलमध्ये असते. मे २०२३ मध्ये पॅकेजिस्टवरील चार जुनी खाती, अन्यत्र फुटलेल्या परवलीच्या शब्दांच्या आधारे, कोणीतरी बळकावली आणि डॉक्ट्रिनसारख्या नामांकित प्रकल्पातील काहींसह चौदा पॅकेजांचे पत्ते स्वतःच्या प्रतींकडे वळविले. त्याने केवळ वर्णनाचा मजकूर बदलला म्हणून अनर्थ टळला. पण त्या अवधीत ज्याने अपडेट केले असते, त्याच्या लॉक फाइलमधील पत्त्याच्या ओळीत मालकाचे नाव बदललेले दिसले असते. आदल्या वर्षी ‘पीएचपास’च्या एका पॅकेजाच्या बाबतीत मात्र एवढ्यावर निभावले नाही: सोडून दिलेले गिटहब खाते पुन्हा नोंदवून त्यातून सर्व्हरवरील अॅमेझॉनच्या किल्ल्या पळविणारा कोड पसरविला गेला.

‘कंपोझर ऑडिट’ अवश्य चालवावे, पण ते ज्ञात दोषच दाखविते. चाचणीपुरती लागणारी साधने ‘रिक्वायर-डेव्ह’मध्ये ठेवून सर्व्हरवर ‘नो-डेव्ह’ने स्थापना करावी आणि पॅकेजे जेथे उतरतात ते व्हेंडर हे फोल्डर वेबच्या आवाक्याबाहेर ठेवावे; ही दक्षता न घेतलेल्या स्थळांवर पीएचपीयुनिट या चाचणी-साधनातील २०१७ साली उघडकीस आलेल्या दोषाचा गैरफायदा पुढे वर्षानुवर्षे घेतला गेला.

सर्व्हरवर ‘अपडेट’ कधीही चालवू नये, ‘इन्स्टॉल’च चालवावे, म्हणजे तपासून मंजूर झालेले कमिटच तेथे पोहोचते. आणि ज्यांच्या हाती प्रकल्पाचा कारभार आहे त्यांना माझी कळकळीची विनंती अशी, की नवे पॅकेज आणणारा बदल, त्यातील लॉक फाइलची ओळ न् ओळ दुसऱ्या सहकाऱ्याने वाचल्यावाचून, मुख्य शाखेत घेऊ नये.