कंपायलरला टाइप ओळखता यावा म्हणून

स्कालात जेनेरिक फंक्शन वापरताना टाइप पॅरामीटर सहसा लिहावे लागत नाहीत. दिलेल्या आर्ग्युमेंटांवरून कंपायलर ते ओळखतो. तो अडला की मात्र एरर भलत्याच जागी दिसतो, आणि बरोबर लिहिलेली ओळ पुन्हा पुन्हा तपासण्यात वेळ जातो.

एमएल आणि हास्केल यांच्या मुळाशी असलेली पद्धत रॉजर हिंडले यांनी १९६९ मध्ये आणि रॉबिन मिल्नर यांनी १९७८ मध्ये स्वतंत्रपणे मांडली. तिच्यात सगळी एक्स्प्रेशन एकत्र पाहून सर्वांत व्यापक टाइप काढला जातो. स्कालात सबटाइपिंग आणि ओव्हरलोडिंग असल्याने ती जशीच्या तशी लागू पडत नाही. तिथे कंपायलर जवळपासच्या माहितीवर भागवतो आणि स्काला २ मध्ये आर्ग्युमेंटांचे कंस डावीकडून उजवीकडे, एकेक करून निकालात काढतो. बहुतेक अडचणी या क्रमातूनच येतात.

नेहमी भेटणारे उदाहरण 'फोल्डलेफ्ट'चे. एक, दोन, तीन अशी यादी उलटी करायची आहे. पहिल्या कंसात सुरुवातीची किंमत म्हणून 'निल', म्हणजे रिकामी यादी दिली; दुसऱ्या कंसात प्रत्येक आकडा यादीच्या पुढे जोडणारे फंक्शन दिले. वाचणाऱ्याला यात काही खटकत नाही. पण पहिला कंस संपताच स्काला २ चा कंपायलर उत्तराचा टाइप 'निल' असा पक्का करून टाकतो. 'आकड्यांची यादी' असा नव्हे. मग दुसऱ्या कंसातले फंक्शन आकड्यांची यादी परत करते आणि दोन्ही जुळत नाहीत. एरर दिसतो दुसऱ्या कंसात, चूक असते पहिल्यात. 'निल'ऐवजी 'लिस्ट डॉट एम्प्टी' लिहून चौकोनी कंसात 'इंट' दिले की काम होते. टाइप लिहायचा तर तो असा, माहिती जिथे कमी पडली तिथेच लिहावा.

हाच क्रम फंक्शन लिहिणाऱ्याला उपयोगीही पडतो. समजा, यादी आणि तिच्या घटकांवर चालणारी अट ही दोन्ही आर्ग्युमेंटे एकाच कंसात मागितली. आता वापरणाऱ्याने अटीतल्या पॅरामीटरचा टाइप लिहिला नाही, तर स्काला २ 'पॅरामीटरचा टाइप नाही' अशी तक्रार करते, कारण त्या कंसाचा हिशेब अजून पुरा झालेला नसतो. अट दुसऱ्या कंसात हलवली की यादीवरून घटकाचा टाइप आधीच ठरतो आणि अट मोकळेपणी लिहिता येते. आर्ग्युमेंटे अशी वेगळ्या कंसांत घेण्याचे, म्हणजे करीइंगचे, इतर फायदे पुस्तकांत भरपूर सांगितलेले असतात. रोजच्या कामात हा फायदा त्यांच्याइतकाच मोलाचा आहे.

खरी कसरत पुढे आहे. एखाद्या फंक्शनला दोन टाइप पॅरामीटर आहेत. पहिला वापरणाऱ्यालाच सांगावा लागतो, दुसरा आर्ग्युमेंटवरून कळतो. पण स्कालात टाइप पॅरामीटर लिहायचे तर सगळे, नाहीतर एकही नाही. कॅट्स या लायब्ररीने यावर सुरेख तोड वापरली आहे. फंक्शन फक्त पहिला पॅरामीटर घेते आणि एक छोटी मधली क्लास परत करते. दुसरा पॅरामीटर त्या क्लासच्या 'अप्लाय' मेथडवर असतो. वापरणाऱ्याला ही क्लास जाणवतही नाही. तो एकच टाइप लिहितो, उरलेला कंपायलर शोधतो. लायब्ररी लिहिणाऱ्याने एकदा घेतलेले हे कष्ट प्रत्येक वापराच्या जागी कामी येतात, म्हणून मदतीचा भार त्यानेच उचलणे योग्य.

काही अडचणी भाषेनेच दूर केल्या. 'ईदर'ला दोन टाइप लागतात, तर 'ट्रॅव्हर्स'सारखे फंक्शन एकच टाइप घेणारा साचा मागते. पूर्वी इथे टाइप हाताने जुळवून द्यावे लागत. माइल्स सेबिन यांच्या दुरुस्तीमुळे कंपायलर डावीकडचा टाइप स्थिर धरून उजवीकडचा मोकळा ठेवू लागला. स्काला २.१२ मध्ये त्यासाठी वेगळा पर्याय चालू करावा लागे. २०१९ च्या २.१३ पासून तो आपोआप चालू असतो.

२०२१ मध्ये आलेल्या स्काला ३ मध्ये यादी आणि अट एकाच कंसात दिली तरी अटीचा टाइप ओळखला जातो. मात्र २.१३ साठीही प्रसिद्ध होणाऱ्या लायब्ररींना कंस वेगळेच ठेवावे लागतात.