व्हॉट्सॲपला स्वतःची खिडकी

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला आणि आपल्या ओळखीतल्या काही घरांत जुन्या लॅपटॉपवर लिनक्स मिंट आले. वापरणारी मंडळी साठी-सत्तरीची. बसवून देणारी मुलगी किंवा नातू पुण्याला, बंगळुरूला, नाहीतर साता समुद्रापार. लॅपटॉप झकास चालतो, पण व्हॉट्सॲपने लिनक्ससाठी वेगळे ॲप काढलेलेच नाही. मग ब्राउझरमध्ये व्हॉट्सॲप वेब उघडायचे. शेजारी बातम्यांचा टॅब, अभंगांचा टॅब, हवामानाचा टॅब. चुकून फुलीवर टिचकी पडते आणि संध्याकाळी फोन येतो, ‘‘अगं, ते हिरवं कुठं गेलं?’’

यावर मिंटमध्येच इलाज आहे. जानेवारी २०२१ च्या २०.१ या आवृत्तीपासून त्यात ‘वेब ॲप्स’ नावाचा छोटा प्रोग्रॅम येतो. तो उघडून अधिकचे चिन्ह दाबा, नाव लिहा (‘व्हॉट्सॲप’ कशाला, ‘नातवंडे’ लिहिले तरी चालते), साइटचा पत्ता द्या, ब्राउझर निवडा, झाले. मेनूत नवे चिन्ह दिसते. उजवी टिचकी देऊन ते खालच्या पट्टीवर लावून टाका. त्यावर दाबले की एकच खिडकी उघडते. टॅब नाहीत, पत्त्याची पट्टी नाही. दुसरीकडे जाऊन हरवायला वाटच नाही म्हणा ना!

उबुंटू किंवा दुसरे लिनक्स असेल, तर क्रोम आणि क्रोमियमच्या मेनूत ते पान ॲप म्हणून बसवायची सोय सापडेल.

आत ब्राउझर तोच असतो, त्यामुळे मेमरी वाचेल ही आशा नको. उलट, प्रत्येक खिडकीला स्वतंत्र प्रोफाइल दिली तर मेमरी जास्तच लागते आणि लॉगिनही नव्याने करावे लागते. चार जीबीच्या यंत्रावर व्हॉट्सॲप, मेल आणि यूट्यूब एवढ्या तीन खिडक्या पुरेत.

बँकेसाठी मात्र अशी खिडकी करून देऊ नका, असे माझे ठाम मत आहे. पत्त्याची पट्टीच नसेल, तर समोरचे पान खरोखर बँकेचे आहे की कुणा भामट्याचे, हे आई-बाबांनी कशावरून ओळखायचे? बँक नेहमीच्या ब्राउझरमध्येच, पत्ता वाचून उघडावी. आणि व्हॉट्सॲपची खिडकी करतानाही पत्ता स्वतः टाइप करा, फॉरवर्ड झालेल्या दुव्यावरून उचलू नका.

आणखी एक. मोबाइलवरचे व्हॉट्सॲप चौदा दिवसांहून अधिक उघडलेच नाही, तर लॅपटॉपवरची जोडणी तुटते. गावाला जाताना मोबाइल घरीच ठेवून जाणारे ज्येष्ठ आपल्यात अजून आहेत. परतल्यावर खिडकीत माणसांऐवजी काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा चौकोन दिसतो. तो मोबाइलने कसा स्कॅन करायचा, हे मोठ्या अक्षरांत लिहून लॅपटॉपच्या झाकणावर चिकटवून ठेवा.