मधुमेहाची गोळी आणि रात्रपाळीचे घड्याळ



स्मृतिव्याख्यानातून श्रोत्यांनी काही उपयुक्त घरी न्यावे, या हेतूने मी मधुमेहाचा विषय निवडला आहे. त्यातही एकाच उपेक्षित प्रश्नाचा विचार करू : लिहून दिलेले औषध रोज घेतले जाते का?

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यांनुसार देशात सुमारे दहा कोटी मधुमेही आहेत. दीर्घकालीन आजारांत विकसित देशांतही सरासरी निम्मेच रुग्ण औषधात सातत्य राखतात, असे जागतिक आरोग्य संघटनेने २००३ साली नमूद केले होते.

असे का व्हावे? डोकेदुखीची गोळी आपण विसरत नाही. डोकेच तिची आठवण देते. वाढलेली साखर मात्र बहुधा दुखत नाही. डोळ्यांचा पडदा, मूत्रपिंडे आणि पायांच्या नसा यांची हानी वर्षानुवर्षे निःशब्दपणे होत राहते.

याशिवाय दुसरे कारण आहे, ते आपल्या माळव्यातच दिसते. धार जिल्ह्यातील पीथमपूर गेल्या चार दशकांत मोठे औद्योगिक केंद्र झाले. तेथे वाहने बनतात, औषधेही बनतात आणि अनेक कारखाने रात्रंदिवस चालतात. चिठ्ठीवर आपण डॉक्टर मंडळी लिहितो, ‘सकाळी न्याहारीपूर्वी एक’. रात्रपाळी करून सकाळी निजणाऱ्या कामगाराची ‘सकाळ’ कोणती?

प्रश्न शब्दांचा नाही. ग्लिमेपिराइडसारखी गोळी स्वादुपिंडाकडून इन्सुलिन स्रवविते. म्हणून तिच्यामागोमाग जेवण हवेच. जेवण चुकले, एकादशीचा उपवास घडला, तर साखर उतरते, घाम फुटतो, हात कापतात, भान हरपू लागते. यंत्रापाशी असे होणे किती घातक! एकदा हा अनुभव आलेला मनुष्य गुपचूप गोळी सोडतो, आणि विचारल्यास संकोचाने ‘घेतो’ म्हणतो. तपासणीत साखर वाढलेली पाहून डॉक्टर मात्रा वाढवितात. पुढे घरच्यांच्या आग्रहाने तो ती वाढीव मात्रा खरोखरच घेतो, आणि साखर अधिकच खाली जाते. एका लहानशा असत्याची ही साखळी जीवावर बेतू शकते.

म्हणून मी माझ्या रुग्णांना ‘औषध घेता ना?’ असे विचारीत नाही. ‘गेल्या आठवड्यात किती गोळ्या राहिल्या?’ असे विचारतो. पहिल्या प्रश्नात दटावणी आहे, दुसऱ्यात खरे सांगण्यास वाव आहे. उत्तर मिळाले की मार्ग निघतो. गोळीची सांगड घड्याळाऐवजी जेवणाशी घालता येते. उपवासाच्या व पाळी बदलण्याच्या दिवसांचे आधीच ठरविता येते. साखर फार न उतरविणारे औषध निवडता येते. मेटफॉर्मिन एकटे घेतल्यास तो धोका अल्प असतो. पोट बिघडत असेल तर ते जेवणासोबत, थोड्या मात्रेने सुरू करावे. खर्च हे कारण असेल तर तेही मोकळेपणी सांगावे. जनऔषधी केंद्रांत अनेक गोळ्या स्वस्त मिळतात. मात्र हे बदल डॉक्टरांच्या सल्ल्यानेच करावेत. इन्सुलिन तर स्वतःच्या मनाने कधीही बंद करू नये.

तपासणीपूर्वी दोन दिवस पथ्य करून समाधान मानणाऱ्यांनी ‘एचबीए१सी’ ही चाचणी ध्यानात ठेवावी. ती मागील दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगते.

नियमाचे फळ काय? ब्रिटनमधील दीर्घ अभ्यासाचे निष्कर्ष १९९८ साली आले. नव्याने मधुमेह जडलेल्यांत साखरेचे नियंत्रण काटेकोर ठेवल्याने डोळे-मूत्रपिंडांसारख्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या विकारांत सुमारे २५ टक्के घट झाली. पुढे दोन्ही गटांच्या साखरेतील फरक नाहीसा झाला, तरी दहा वर्षांनंतरही तो लाभ टिकून होता, असे २००८ साली आढळले. आरंभीच्या वर्षांतील नियम अशा रीतीने पुढे उपयोगी पडतो.

आपल्यापैकी अनेकांच्या घरी मधुमेही असेल. त्याच्यावर पहारा ठेवू नका. गोळी का राहते, एवढे आपुलकीने विचारा आणि ते उत्तर डॉक्टरांपर्यंत पोहोचवा, अशी विनंती करून मी आपली रजा घेतो.