राजवाडे सोडा, पोस्ट ऑफिस बघा!

ब्रिटिश मालिका म्हणजे फक्त राणी, किल्ले आणि चहाचे कप असं वाटतंय? मग ही यादी तुमच्यासाठीच. चार एपिसोडमध्ये सरकारला हलवणाऱ्या मालिकेपासून नारळीकर सरांच्या गुरूंनी लिहिलेल्या सायन्स फिक्शनपर्यंत…

के-ड्रामा संपला, स्पॅनिश चोरांची टोळीही बघून झाली, आता नवीन काय? कॉलेजच्या प्रत्येक ग्रुपवर दर आठवड्याला हा प्रश्न पडतोच. कुणी 'ब्रिटिश सिरीज बघ' असं सुचवलं, की समोरून हमखास उत्तर येतं, ''काहून? त्या राजा-राणीचं आपल्याला काय करायचं आहे?''

बरोबर आहे. 'द क्राउन' आणि 'डाउनटन ॲबी' एवढ्यावरच थांबलात, तर तसंच वाटणार. पण तिथल्या टीव्हीवरचं खरं जबरदस्त काम राजवाड्याबाहेर सापडतं. गावातलं पोस्ट ऑफिस, तालुक्याएवढ्या शहरातलं पोलीस ठाणं, शाळेचं मैदान, सरकारी फाइल. त्यात या मालिका लहान असतात. तीन, चार, फार तर सहा-आठ एपिसोड आणि एक सीझन खतम. रात्री दहाला मांडवात बसून पहाटेपर्यंत झाडीपट्टीचं नाटक बघणाऱ्या आपल्या लोकांना चार तासांची मालिका म्हणजे काहीच नाही!

तर दोस्तांनो, यादी घ्या. यातल्या बहुतेक मालिका शेवटी एकच गोष्ट विचारतात : हे जे झालं, त्याचं उत्तर कोण देणार?

'सिस्टममध्ये तसंच दिसतंय'

पहिला नंबर 'मिस्टर बेट्स व्हर्सेस द पोस्ट ऑफिस'चा. आयटीव्ही या वाहिनीवर जानेवारी २०२४च्या पहिल्या आठवड्यात सलग चार रात्री ही मालिका दाखवली गेली.

गोष्ट शंभर टक्के खरी आहे. ब्रिटनमध्ये गावोगावी छोटी पोस्ट ऑफिसं आहेत. बऱ्याचदा किराणा दुकानातच एक काउंटर असतो आणि दुकानदारच करारावर पोस्टमास्तर असतो. १९९९ पासून या काउंटरवर फुजित्सू कंपनीचं 'होरायझन' नावाचं सॉफ्टवेअर आलं. संध्याकाळी हिशेब लावला की पैसे कमी दिसायचे. आज दोन हजार पौंड कमी, उद्या चार हजार. पोस्टमास्तरांनी घरातले पैसे भरले, कर्जं काढली, घरं गहाण टाकली. हेल्पलाइनला फोन केला तर अनेकांना सांगण्यात आलं, की असा त्रास फक्त तुम्हालाच होतोय. एका प्रसंगात जो हॅमिल्टन ही गावातली पोस्टमास्तरीण फोनवरच्या सूचना ऐकत बटणं दाबते आणि तिच्या डोळ्यांदेखत तूट दुप्पट होते. बघताना आपलाच श्वास अडकतो.

कॉम्प्युटर चुकतच नाही, असं पोस्ट ऑफिसने गृहीत धरलं. त्यामुळे नऊशेहून जास्त लोक चोरी, अफरातफर, खोटा हिशेब अशा गुन्ह्यांत दोषी ठरले. काही तुरुंगात गेले, काहींनी आयुष्य संपवलं. वेल्समधल्या लँडडनो गावच्या ॲलन बेट्स नावाच्या माणसाने मात्र हार मानली नाही. त्याने देशभरातल्या अशा लोकांना एकत्र केलं. ५५५ जण कोर्टात गेले आणि २०१९ मध्ये हायकोर्टाने सॉफ्टवेअरमध्ये दोष असल्याचं मान्य केलं.

आता पत्रकारिता शिकणाऱ्या माझ्यासारखीला सर्वांत जास्त टोचणारी गोष्ट ऐका. 'कॉम्प्युटर वीकली' या नियतकालिकाने ही बातमी २००९ मध्येच छापली होती. म्हणजे बातमी होती, कोर्टाचा निकालही होता. पण बहुतेकांच्या शिक्षा तशाच कायम होत्या. मालिका आली आणि आठवड्याभरात पंतप्रधानांना संसदेत कायद्याची घोषणा करावी लागली. मे २०२४ मध्ये कायदा झाला आणि शेकडो लोकांवरचा कलंक एका झटक्यात पुसला गेला. मालिकेने नवीन काही शोधून काढलं नव्हतं. आधीच्या बातम्या, कोर्टाचे कागद आणि बेट्स यांची वीस वर्षांची चिकाटी हाच तिचा कच्चा माल होता. फक्त आकड्यांच्या जागी लोकांना चेहरे दिसले.

हे आपल्यापासून लांब आहे असं वाटत असेल, तर आठवून बघा. शिष्यवृत्तीचा अर्ज असो, रेशनच्या मशीनवर न उमटणारा आजीचा अंगठा असो, की धान विकायची ऑनलाइन नोंदणी. खिडकीतून एकच वाक्य येतं, ''सिस्टममध्ये तसंच दिसतंय.'' त्या वाक्यापुढे आपण गप्प बसतो. ही मालिका बघितल्यावर पुढच्या वेळी निदान ''मग सिस्टम तपासा'' एवढं तरी तोंडातून निघेल.

एमपीएससीवाल्यांनो, हा तुमचा अभ्यासच

भंडाऱ्यात अभ्यासिकेत सकाळपासून रात्रीपर्यंत बसणाऱ्या मंडळींसाठी दुसरी शिफारस म्हणजे 'यस मिनिस्टर'. १९८० ची बीबीसीची कॉमेडी. मंत्री जिम हॅकर यांना काहीतरी करून दाखवायचं असतं आणि त्यांचे सचिव सर हम्फ्री अत्यंत नम्रपणे, लांबलचक वाक्यं बोलत, ते होणार नाही याची पुरेपूर काळजी घेतात. फाइल कशी फिरवायची, समिती नेमून विषय कसा थंड करायचा, 'नाही' न म्हणता नाही कसं म्हणायचं, सगळं यात आहे. पुढे हॅकर पंतप्रधान होतात आणि 'यस, प्राइम मिनिस्टर' सुरू होते.

आपल्याकडे २००१ मध्ये स्टार प्लसवर 'जी मंत्रीजी' नावाने याचं हिंदी रूप आलं होतं. त्यात मंत्री होते फारूख शेख. पॉलिटीच्या पुस्तकात कार्यकारी मंडळ वाचून डोळे मिटायला लागले की एक एपिसोड टाका. अर्ध्या तासात झोपही जाते आणि विषयही डोक्यात बसतो.

लहान गावातला गुन्हा

क्राइम आवडत असेल तर दोन नावं लिहून ठेवा : 'ब्रॉडचर्च' आणि 'हॅपी व्हॅली'. 'ब्रॉडचर्च'मध्ये समुद्राकाठच्या एका लहान गावात अकरा वर्षांच्या मुलाचा खून होतो. जिथे सगळे सगळ्यांना ओळखतात तिथे संशय सुरू झाला की काय होतं, हा तिचा खरा विषय. गुन्हेगार कोण, हे कुणी आधीच सांगू नये एवढीच इच्छा. 'हॅपी व्हॅली'ची नायिका कॅथरिन ही पन्नाशीकडे झुकलेली पोलीस सार्जंट. मुलगी गेलेली, नातवाला वाढवतेय आणि ड्युटीही करतेय. ग्लॅमर शून्य, दम मात्र भरपूर. सॅली वेनराइट या लेखिकेने २०१४ ते २०२३ या काळात तीनच सीझन लिहिले आणि गोष्ट संपली तिथे थांबली. हे थांबणं आपल्या डेली सोपवाल्यांनी शिकण्यासारखं आहे.

नारळीकर सरांचे गुरू आणि बीबीसी

आता सायन्स फिक्शन. इथे मराठी वाचकाचा थेट संबंध येतो, तोही केंब्रिजमार्गे.

डॉ. जयंत नारळीकर आपल्याला माहीत आहेत. 'यक्षांची देणगी' अनेकांनी शाळेच्या लायब्ररीतच वाचलेलं असतं. केंब्रिजला त्यांचे मार्गदर्शक होते फ्रेड हॉईल. गुरुत्वाकर्षणाचा 'हॉईल-नारळीकर सिद्धांत' याच जोडीचा. हे हॉईल शास्त्रज्ञ तर होतेच, शिवाय कादंबरीकारही होते. १९६१ मध्ये त्यांनी जॉन इलियट यांच्यासोबत बीबीसीसाठी 'ए फॉर अँड्रोमेडा' ही सात भागांची मालिका लिहिली. रेडिओ दुर्बिणीवर अवकाशातून एक संदेश येतो. उलगडल्यावर कळतं, की तो एक भलामोठा कॉम्प्युटर बांधायची कृती आहे. शास्त्रज्ञ तो बांधतात. आणि मग कॉम्प्युटर काय करायचं ते सांगू लागतो! एआयवर आज आपण जे वाद घालतो, ते या मालिकेत साठ वर्षांपूर्वीच होते.

दुर्दैव म्हणजे त्या काळी टेप महाग असायची, त्यामुळे जुने कार्यक्रम पुसून त्यावर नवे रेकॉर्ड केले जायचे. या मालिकेचा एकच भाग पूर्ण वाचला, बाकी तुकडे उरलेत. २००६ मध्ये बीबीसीने ती एका चित्रपटाएवढ्या लांबीत पुन्हा केली, ती शोधा.

नारळीकरांनीही गुरूसारखीच वाट धरली. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा टोपणनावाने पाठवली. नाव घेतलं नारायण विनायक जगताप, म्हणजे स्वतःची आद्याक्षरं उलटी. आपल्या नावामुळे बक्षीस मिळू नये म्हणून! पहिलं बक्षीस त्यांनाच मिळालं. २० मे २०२५ रोजी पुण्यात त्यांचं निधन झालं. त्यांच्या कथा वाचलेल्याला ब्रिटिश सायन्स फिक्शन परकं वाटणार नाही. दोन्हीकडे यानं आणि लेझर कमी, आणि 'असं झालं तर माणूस कसा वागेल' याचा विचार जास्त.

टाइम मशीन ते मोबाइल

याच परंपरेतला बाप म्हणजे 'डॉक्टर हू'. २३ नोव्हेंबर १९६३ ला पहिला भाग लागला. दिग्दर्शक होते वारिस हुसेन. जन्म लखनौचा, वय अवघं चोवीस. बाहेरून पोलीस बॉक्स आणि आतून प्रचंड मोठं असलेलं यान घेऊन 'डॉक्टर' काळातून फिरतो. मुख्य नटाची तब्येत बिघडल्यावर 'डॉक्टर मरत नाही, चेहरा बदलतो' ही युक्ती निघाली आणि मालिका आजवर टिकली. घाबरू नका, १९६३ पासून बघायची गरज नाही. २००७ चा 'ब्लिंक' हा एकच भाग बघा, कुठलीही पार्श्वभूमी लागत नाही. मग २०१८ चा 'डीमन्स ऑफ द पंजाब' बघा. डॉक्टरची ब्रिटिश-पाकिस्तानी मैत्रीण आपल्या आजीच्या तरुणपणी, ऑगस्ट १९४७ मध्ये जाऊन पोहोचते. परग्रहवासी आहेत, पण खरी भीती माणसांचीच वाटते.

'ब्लॅक मिरर' तुम्ही ऐकली असेलच. २०११ मध्ये ती चॅनल फोरवर सुरू झाली, नंतर नेटफ्लिक्सवर गेली. प्रत्येक भागाची गोष्ट वेगळी. 'बी राइट बॅक'मध्ये एक तरुणी गेलेल्या जोडीदाराच्या मेसेज आणि पोस्टवरून तयार केलेल्या 'त्याच्या'शी बोलू लागते. २०१३ मध्ये ही कल्पना होती. आज? आणि सहा भागांची 'इयर्स अँड इयर्स' (२०१९) मँचेस्टरच्या एका कुटुंबाला पुढची पंधरा वर्षं जगवते. बँक बुडते, टीव्हीवर बेधडक बोलणारी बाई नेता होते, आणि जेवणाच्या टेबलवर सगळे म्हणत राहतात, ''हे असं कसं झालं?'' आजी एका प्रसंगात जे उत्तर देते, ते चुकवू नका.

एकदा आई-बाबांसोबत

'अ‍ॅडोलेसन्स' (नेटफ्लिक्स, २०२५) मात्र मोबाइलवर एकट्याने बघू नका. तेरा वर्षांच्या जेमीला वर्गातल्या मुलीच्या खुनाच्या आरोपावरून पहाटे घरातून उचलतात. चार भाग, आणि प्रत्येक भाग एकाच सलग शॉटमध्ये. कट नाही, म्हणून पळायला जागा नाही. खून कुणी केला हे लवकर कळतं. प्रश्न उरतो तो 'का'चा. मुलींबद्दल विष पेरणारे व्हिडिओ, शाळेतली चेष्टा, बंद दाराआडचा मोबाइल. मुलगा खोलीतच आहे म्हणजे सुरक्षित आहे, असं समजणारे आई-बाप तिथेही आहेत आणि इथेही. ब्रिटनमध्ये ही मालिका शाळांमधून मोफत दाखवायच्या योजनेला खुद्द पंतप्रधानांनी पाठिंबा दिला. आपल्याकडे निदान हॉलमधल्या टीव्हीवर लावा. पहिले दहा मिनिटं अवघड जातील, नंतर बोलणं आपोआप सुरू होईल.

बघायचं कसं?

• सबटायटल्स इंग्रजीच ठेवा. यॉर्कशायर आणि स्कॉटलंडचे उच्चार सुरुवातीला डोक्यावरून जातात. तिसऱ्या भागापर्यंत कान तयार होतो.

• डेटा वाचवायचा असेल तर वाय-फाय मिळेल तिथे डाउनलोड करा. मालिका ॲपवर येतात-जातात, त्यामुळे बघायच्या दिवशी शोधून घ्या. टेलिग्रामच्या चोरट्या लिंक नकोत.

• एका रात्रीत सगळं संपवू नका. 'मिस्टर बेट्स' रोज एक भाग अशीच दाखवली गेली होती. मधल्या दिवशी मित्रांशी बोलायला वेळ मिळतो.

• सुरुवात कुठून? वेळ कमी असेल तर 'ब्लिंक'. वीकेंड मोकळा असेल तर 'मिस्टर बेट्स'.

आणि आपली गोष्ट?

या मालिका बघताना एक विचार पिच्छा सोडत नाही. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे आपल्या जिल्हा सामान्य रुग्णालयाच्या नवजात शिशू कक्षात आग लागली आणि दहा बाळं गेली. देशभरातले कॅमेरे भंडाऱ्यात आले. मग कॅमेरे गेले. त्या आयांचं पुढे काय झालं, हे आज कॉलेजात असलेल्या किती जणांना सांगता येईल?

ब्रिटनच्या टीव्हीकडे पैसा आहे, मोठे नट आहेत. पण 'मिस्टर बेट्स'चा पाया आधी साध्या कामांनी रचला गेला होता : कुणीतरी लोकांना भेटलं, ऐकलं, तारखा लिहून ठेवल्या, कागद जपले. हे काम तुमसर, पवनी, साकोलीतला कुठलाही विद्यार्थी एक वही आणि मोबाइलचा रेकॉर्डर घेऊन करू शकतो. तेवढ्यावरून उभं राहणारं नाटक करायला झाडीपट्टीची स्टेजं तर आपल्याकडे आहेतच.

तर या शनिवारी पहिला एपिसोड लावा. कुणी विचारलंच ''काहून बघतोस?'', तर सांगा, जाब कसा विचारायचा ते शिकतोय.