फळबागेच्या आडोशाची झाडे व पाखरांचा वास

केळीच्या बागेस वाऱ्यासारखा दुसरा शत्रू नाही. पाने फाटून त्यांच्या चिंध्या झाल्या म्हणजे झाडाचे अन्न तयार करण्याचे काम मंदावते आणि घड भरत असताना सोसाट्याचा वारा सुटला तर घडाच्या भाराने झाड बुंध्यापासून मोडून पडते. जळगाव जिल्ह्यातील केळीबागाइतदार मे-जून महिन्यांतील वादळास जे भितात ते याचमुळे. डाळिंबाच्या व लिंबूवर्गीय फळांच्या बागेत हानी एवढी एकदम दिसत नाही; परंतु फळ फांदीवर घासून त्यावर डाग पडतात, मोहोर गळतो, आणि उन्हाळ्यातील कोरड्या वाऱ्याने जमिनीतील ओल लवकर उडून जाते. यावर जुना व स्वस्त उपाय म्हणजे बागेभोवती झाडांचा आडोसा होय. मात्र तो कोणत्या झाडांचा करावा याचा विचार बहुधा होत नाही. रोपवाटिकेत जे स्वस्त मिळाले ते लावले जाते व पाच वर्षांनी त्याचा पश्चात्ताप होतो.

आडोसा म्हणजे भिंत नव्हे, ही गोष्ट प्रथम ध्यानी घ्यावी. दाट भिंतीवर आदळलेला वारा वर चढतो व पलीकडे भोवरे घेत खाली येतो. त्यामुळे भिंतीलगतची थोडी जागा सोडल्यास पुढील पिकास अधिकच त्रास होतो. झाडांच्या रांगेतून निम्मा-अर्धा वारा गाळून जाऊ दिला तर त्याचा जोर मोडतो व भोवरे उठत नाहीत. अशा रांगेच्या उंचीच्या सुमारे दहापट अंतरापर्यंत चांगले संरक्षण मिळते, त्यापुढे ते कमी कमी होत जाते. म्हणजे पाच मीटर उंचीची रांग पन्नास मीटरपर्यंतच्या बागेस उपयोगी पडते; बाग याहून रुंद असल्यास मध्ये आणखी एक रांग घ्यावी. रांगेत खिंडार मात्र असू नये. खिंडारातून वारा नेहमीपेक्षाही अधिक वेगाने घुसतो. गाडीवाट ठेवणे भागच असेल तर ती वाऱ्याच्या तोंडी सरळ न ठेवता तिरपी काढावी.

महाराष्ट्रात पावसाळी वारा मुख्यतः नैर्ऋत्येकडून व पश्चिमेकडून येतो आणि उन्हाळ्यातील झळाही बऱ्याच भागांत पश्चिमेकडूनच लागतात. म्हणून आडोशाची मुख्य रांग पश्चिमेस व दक्षिणेस असावी. याचा दुसरा लाभ शेजारधर्माचा आहे. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडून जात असल्याने सावली उत्तरेकडे पडते. उत्तरेच्या बांधावर उंच झाडे लावली तर त्यांची सावली शेजाऱ्याच्या गव्हा-हरभऱ्यावर दिवसभर राहते, आणि बांधावरच्या भांडणाचे बीज येथेच पडते. दक्षिणेच्या बांधावरील झाडाची सावली आपल्याच शेतात पडते. ती सोसणे आपल्या हाती असते. उत्तरेस केवळ ठेंगणे कुंपण ठेवावे. झाडे अगदी बांधावर न लावता पाच-सहा फूट आत घ्यावीत आणि रांग व बाग यांच्यामध्ये दोन-तीन फूट खोल चर खोदून तो दर एक-दोन वर्षांनी साफ करावा, म्हणजे आडोशाची मुळे बागेचे खत-पाणी ओढणार नाहीत.

आता झाडांविषयी. लवकर आडोसा हवा असल्यास शेवरीसारखे झाड नाही. पानमळ्यात वेलाच्या आधारासाठी शेवरी, हादगा व पांगारा लावण्याची आपल्याकडे जुनी वहिवाट आहे आणि केळीच्या बागेभोवतीही शेवरी पेरतात. ती पहिल्याच वर्षी डोक्यावर जाते, परंतु तिचे आयुष्य थोडे. म्हणून तिच्याच जोडीला दीर्घायुषी झाडे लावून ठेवावीत, म्हणजे शेवरी जाईपर्यंत ती उभी राहतात. सुरू व निलगिरी सरळ व उंच वाढतात म्हणून पुष्कळांस प्रिय आहेत. पण वय वाढते तशा त्यांच्या खालच्या फांद्या गळतात व उघड्या बुंध्यांमधून वारा जमिनीलगत सुटतो. शिवाय पाखरांना त्यांच्यापासून खाद्य असे फारसे मिळत नाही. जांभूळ, करंज, कडुनिंब व बांबू यांची मिश्र रांग अधिक शहाणपणाची होय. हिच्या पायथ्याशी करवंद, मेंदी किंवा निर्गुडी यांची ठेंगणी ओळ घेतली म्हणजे खालची वाटही बंद होते.

मिश्र रांगेचा खरा फायदा पाखरांच्या रूपाने दिसून येतो. पांगारा फेब्रुवारी-मार्चमध्ये पाने झडल्यावर फुलतो. त्या लाल फुलांतील मधावर मैना, बुलबुल, कोतवाल व सूर्यपक्षी यांची दाटी होते. उंबर, वड व पिंपळ यांची फळे तांबट, मैना आणि महाराष्ट्राचा राज्यपक्षी हरियाल यांचे मुख्य अन्न आहे. करवंदीच्या काटेरी जाळीत बुलबुल घरटी करतात आणि कुंपणाच्या दाटीत भारद्वाज राहतो. तो गोगलगायी व लहान उंदीरही खातो. यांतील पुष्कळ पाखरे पिलांना अळ्या भरवतात. हरभऱ्यावरील घाटे अळीसाठी शेतात आडव्या काठीचे पक्षीथांबे उभारावे असे जे सांगितले जाते, त्या थांब्यांवर यावयास पाखरे जवळपास वसतीला असावी लागतात. पांगाऱ्याची वा शेवग्याची एखादी वाळलेली फांदी कोणाच्या अंगावर पडण्यासारखी नसेल तर ती तशीच राहू द्यावी. तांबट तीत ढोली कोरतो व पुढे तीच ढोली दुसऱ्या पाखरांस उपयोगी पडते. जुन्या मोठ्या ढोलीत राहणारे गव्हाणी घुबड तर उंदरांवरच जगते. त्याला अशुभ मानून हाकलणारा शेतकरी आपला बिनपगारी राखणदार घालवतो.

पाखरे केवळ उपकारच करतात असे सांगणे खरे होणार नाही. पोपट पेरूची नासाडी करतात, ज्वारीच्या कणसांवर थवे उतरतात, आणि वेडा राघू मधमाश्याही टिपतो. ज्यांच्या बागेत पेरू हेच मुख्य पीक आहे त्यांनी ढोल्यांची मोठी झाडे बागेपासून दूर ठेवावीत व फळांस जाळीचे किंवा पिशवीचे संरक्षण द्यावे.

काही झाडे टाळलेलीच बरी. वड-पिंपळ विहिरीच्या बांधकामाजवळ किंवा घराजवळ कधीही लावू नयेत. त्यांची मुळे दगडी बांधकामही फोडतात. त्यांची जागा गावठाणाच्या मोकळ्या जागेत किंवा पडीक कोपऱ्यात. घाणेरीचे कुंपण आयते मिळते व तिची फळे पाखरे आवडीने खातात, परंतु तीच पाखरे तिचे बी सर्वत्र टाकतात आणि मग चराऊ रान घाणेरीखाली जाते. वेडी बाभूळ व सुबाभूळ यांचाही पसार असाच आवरत नाही. मोगली एरंड जनावरे खात नाहीत म्हणून तो कुंपणास लावतात. मात्र त्याच्या बिया विषारी असून शेंगदाण्यासारख्या समजून त्या खाल्ल्याने मुलांना विषबाधा होते. कण्हेरीचे तर सर्वच भाग विषारी आहेत. घर, शाळा व गोठा यांच्या आसपास या दोहोंपैकी काहीही लावू नये आणि ही गोष्ट मुलांस स्पष्ट सांगावी. संत्रा-मोसंबीच्या बागाइतदारांनी कुंपणावर चढणाऱ्या गुळवेल व वासनवेल यांवर लक्ष ठेवावे, कारण रात्री फळास भोक पाडून रस शोषणाऱ्या पतंगाच्या अळ्या याच वेलींवर वाढतात. गुळवेल औषधी खरी, पण ती बागेपासून दूर असावी.

लागवडीची तयारी उन्हाळ्यातच करावी. गिरिपुष्प व पांगारा यांची अंगठ्याहून जाड, सुमारे एक मीटर लांबीची छाटे पावसाच्या तोंडावर लावली असता सहज जगतात. गिरिपुष्पाचा पाला पुढे हिरवळीच्या खतास येतो. शेवरीचे बी जूनमध्ये जागेवरच टोकावे. कडुनिंब, जांभूळ व करवंद यांचे बी साठवून ठेवू नये. फळ पिकताच गर काढून ताजेच पेरावे, नाही तर उगवण हाती लागत नाही. करवंदीची रोपे दोन ओळींत, दोन-दोन फुटांवर, एकाआड एक येतील अशी लावावीत. पहिली दोन वर्षे शेळ्यांपासून राखण व उन्हाळ्यात थोडे पाणी एवढे केले तर पुढे ती कुंपण आपली आपण सांभाळते. कुंपणाची मोठी छाटणी पावसाळा संपल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये करावी. उन्हाळ्यात व पावसाळ्यात त्यात घरटी असतात.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी आणखी एक गोष्ट आधीच सांगून ठेवावी. आंबा, फणस, जांभूळ, चिंच, साग, खैर व हिरडा ही झाडे वृक्षतोडीचे नियमन करणाऱ्या १९६४ च्या महाराष्ट्र अधिनियमाच्या अनुसूचीत आहेत. स्वतःच्या शेतातील असली तरी ती तोडण्यापूर्वी परवानगी घ्यावी लागते. तेव्हा जळणासाठी किंवा बल्ल्यांसाठी ज्यांना रांगेतून वरचेवर तोड करावयाची आहे त्यांनी त्या भागात शेवरी, गिरिपुष्प व बांबू घ्यावा, आणि जांभूळ-चिंचेची जागा अशी निवडावी की जेथून ती हलविण्याची वेळ येणार नाही.