छोटे स्वयंपाकघर : प्रश्न जागेचा की साठ्याचा?

बदलीच्या निमित्ताने बंगळूरमध्ये आलेल्या मराठी कुटुंबांच्या गप्पा बहुधा दोन विषयांवर येऊन थांबतात. एक, येथील वाहतूक आणि दुसरा, भाड्याच्या घरातील स्वयंपाकघराचा आकार. राष्ट्रीय इमारत संहितेनुसार जेवणासाठी वेगळी जागा असलेल्या घरात स्वयंपाकघर किमान ५ चौरस मीटर, म्हणजे सुमारे ५४ चौरस फुटांचे असावे आणि त्याची रुंदी १.८ मीटरपेक्षा कमी नसावी. घरात साठवणीची स्वतंत्र खोली असल्यास ४.५ चौरस मीटरही चालतात. मल्लेश्वरम, बसवनगुडी यांसारख्या जुन्या भागांत घरमालकाच्या वाड्याला लागून काढलेल्या एक-दोन खोल्यांच्या बिऱ्हाडांत एवढीही जागा मिळेलच असे नाही.

संहितेतील साठवणीच्या खोलीचा उल्लेख अर्थपूर्ण आहे. आपल्याकडे या खोलीला कोठीची खोली म्हणत. नव्या घरांतून कोठी नाहीशी झाली. परंतु कोठीतील सामान मात्र स्वयंपाकघरात येऊन राहिले. अडचण आहे ती येथे. त्यामुळे आणखी एक फळी ठोकण्यापूर्वी साठ्याचा हिशेब तपासणे अधिक फायद्याचे ठरते. वाणिज्य शाखेत शिकविले जाणारे साठा-नियंत्रणाचे साधे नियम या कामी उत्तम उपयोगी पडतात.

बेगमीची सवय

आगोटीपूर्वी वर्षाची बेगमी करणे ही आपली जुनी रीत. सुगीनंतर धान्य स्वस्त असे, पावसाळ्यात वाटा बंद होत आणि गावाचा बाजार आठवड्यातून एकदाच भरे. अशा परिस्थितीत वर्षाचे तांदूळ, डाळी, मिरच्या भरून ठेवणे हा अगदी शहाणपणाचा व्यवहार होता. आज बंगळूरच्या कोणत्याही वस्तीत किराणा दुकान हाकेच्या अंतरावर असते. परिस्थिती बदलली, सवय मात्र टिकून आहे.

त्यात परगावी राहणाऱ्यांची एक वेगळी बेगमी असते. कोल्हापूरचा कांदा-लसूण मसाला, पुण्याहून आलेली भाजणी, मेटकूट, कुळथाचे पीठ, आईने दिलेले सांडगे-कुरडया. ‘इकडे मिळत नाही’ म्हणून प्रत्येक फेरीत चार डबे अधिक येतात आणि ‘संपले तर मिळणार नाही’ म्हणून ते वापरलेही जात नाहीत. पुढच्या फेरीत नवे डबे येतात, तेव्हा जुनी भाजणी खवट झालेली असते. ज्या हातांनी ती भाजली, दळून आणली, त्यांच्या कष्टांची ही हानी पैशात मोजता येत नाही.

मागविल्यापासून किती दिवसांत?

कारखान्यात एखाद्या वस्तूचा साठा किती ठेवावा, हे ठरविताना दोन गोष्टी पाहतात : रोजचा खप किती आणि मागणी नोंदविल्यापासून माल येण्यास लागणारा काळ किती. घरातही हेच पाहावे.

समजा, कुटुंबात महिन्याला दोन किलो तूरडाळ लागते आणि दुकान दहा मिनिटांवर आहे. अशा घराला एक किलोचा डबा पुरेसा आहे. तो निम्म्यावर आला की डाळ यादीत लिहावी. पाच किलोंची पिशवी आणली तर दोन-चार रुपये वाचतील. पण अडीच महिने ती जागा अडवून बसेल आणि पावसाळी हवेत टोके पडण्याची धास्ती निराळीच. याउलट, कोल्हापूरचा मसाला तीन महिन्यांनी येणार असेल, तर तीन महिन्यांपुरता साठा अवश्य ठेवावा. मात्र तो तीन महिन्यांपुरताच असावा, वर्षाचा नव्हे.

दुसरा नियम ‘आधी आले ते आधी गेले’ हा. नवी डाळ जुन्या डाळीवर ओतली की तळाची डाळ कायम तळाशीच राहते. डबा रिकामा करून, पुसून, कोरडा करून मगच भरावा. बाहेरून आलेल्या पिठांवर आणल्याची तारीख चिकटवावी. एवढ्याने नासाडी बरीच थांबते.

अ, ब आणि क

इटालियन अर्थतज्ज्ञ पॅरेटो यांच्या निरीक्षणाच्या आधारे उद्योगांत साठ्याचे अ, ब, क असे वर्ग करतात. तेथे हे वर्ग मूल्यावरून ठरतात. स्वयंपाकघरात ते वापरावरून ठरवावेत. रोज लागणारे ते ‘अ’ : तवा, कुकर, मिसळणाचा डबा, चहा-साखर, कणीक. आठवड्याला लागणारे ते ‘ब’ : खलबत्ता, इडलीपात्र, किसणी. सणावाराला लागणारे ते ‘क’ : पुरणयंत्र, मोठे पातेले, चकलीचा सोऱ्या.

‘अ’ वर्गाची जागा गुडघ्यापासून डोळ्यांपर्यंतच्या उंचीत, ओट्यापासून हाताच्या अंतरावर असावी. ‘ब’ त्याच्या खाली-वर आणि ‘क’ माळ्यावर. जड वस्तू मात्र कधीही डोक्यावरच्या फळीवर ठेवू नयेत. आपली पारंपरिक उतरंड याच तत्त्वावर रचलेली असे. सर्वांत मोठे मडके तळाशी आणि त्यात क्वचित लागणारे जिन्नस. रोजचे जिन्नस वरच्या लहान मडक्यात.

या विचाराला आधुनिक वास्तुशास्त्रातही मोठे स्थान आहे. १९२६ मध्ये मार्गारेट शूट-लिहोत्स्की या ऑस्ट्रियन वास्तुविशारद महिलेने जर्मनीतील फ्रँकफर्ट शहराच्या कामगार वसाहतींसाठी १.९ मीटर रुंद व ३.४ मीटर लांब असे स्वयंपाकघर आखले. त्यासाठी त्यांनी रेल्वेच्या भोजनडब्यातील मुदपाकखान्याचा अभ्यास केला होता. तांदूळ, साखर यांच्यासाठी नावे घातलेले अ‍ॅल्युमिनियमचे खण आणि प्रत्येक कामाला ठरलेली जागा अशी ती रचना सुमारे दहा हजार घरांत बसविण्यात आली. स्वयंपाक करणाऱ्या स्त्रीची पावले आणि वेळ वाचावा, हा त्यामागील हेतू होता.

निर्लेखनाचा अवघड निर्णय

आम्हां बँकवाल्यांना अनुत्पादक मालमत्ता हा शब्द चांगलाच परिचित आहे. स्वयंपाकघरातही ती असते : झाकण हरवलेले डबे, मूठ तुटलेली कढई, आइस्क्रीमचे रिकामे खोके, तीन कुकरांपैकी दोन. वर्षभरात ज्या वस्तूला हात लागला नाही, ती बाहेर काढून तिचा विचार करावा.

खरी अडचण येते ती नाव कोरलेल्या भांड्यांची. मुंजीत, लग्नात आलेली, देणाऱ्याचे नाव व तारीख असलेली पितळी पातेली, तांब्याचे घंगाळ मोडीत घालण्यास मन धजत नाही, आणि ते स्वाभाविक आहे. यावर एक मध्यम मार्ग सुचवावासा वाटतो. आठवणीसाठी एक भांडे निवडावे आणि ते रोजच्या वापरात आणावे. तांब्याच्या कळशीत पाणी भरावे, पितळी पातेल्याला कल्हई करून त्यात वरण शिजवावे. उरलेली भांडी ज्यांच्या घरी जागा आहे अशा भावंडांना वाटावीत. पोत्यात बांधून माळ्यावर टाकलेल्या भांड्यापेक्षा भावाच्या घरी रोज घासले जाणारे भांडे देणाऱ्याचा अधिक मान राखते.

सुरक्षितता आणि कचरा

अडगळीचा सर्वांत मोठा धोका गॅसशी निगडित आहे. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असल्याने गळती झाल्यास तो खाली साचतो. म्हणून सिलिंडर उभाच ठेवावा, ज्या कपाटात तो असेल त्याला तळाशी झरोके असावेत आणि भोवती डबे, गोणपाट, रद्दी रचू नये. सुरक्षा नळी पाच वर्षांनी बदलावी.

बंगळूरकरांना कचऱ्यासाठीही जागा राखावी लागते. कर्नाटक उच्च न्यायालयाच्या २०१५ मधील आदेशानुसार येथे ‘दोन डबे, एक पिशवी’ ही पद्धत आली : ओल्या कचऱ्यास हिरवा डबा, आरोग्यास अपायकारक कचऱ्यास लाल डबा आणि सुक्या कचऱ्यास पिशवी. लहान जागेत ओला कचरा ओट्याखाली, लाल डबा न्हाणीघरात आणि सुकी पिशवी दारामागे खुंटीला, अशी विभागणी सोयीची पडते.

दोन किल्ल्या

बँकेची तिजोरी एका किल्लीने उघडत नाही. जबाबदारी दोघांकडे असते. बहुतेक घरांतील स्वयंपाकघर मात्र एकाच व्यक्तीच्या स्मरणशक्तीवर चालते. जिरे कोठे, साबुदाणा कोठे, हे तिलाच ठाऊक. ती आजारी पडली की घरच्यांना चहाची पूडदेखील सापडत नाही. डब्यांवर नावे आणि दारावर यादी लावली की ही माहिती घरातील सर्वांची होते आणि माहितीबरोबर कामही वाटले जाते.

दसऱ्याला आणि गुढीपाडव्याला, वर्षातून दोनदा, सर्वांनी मिळून साठामोजणी करावी. त्यासाठी सुतार लागत नाही, खर्चही नाही. एक रविवार पुरतो. त्या दिवशीचा स्वयंपाक मोजणीत सापडलेल्या जिनसांतूनच करावा, म्हणजे जागाही मोकळी होईल आणि गावाहून आलेल्या भाजणीचे थालीपीठ वेळेवर ताटात पडेल.